शेऱ्याचा रकाना

३ जून

चि. ढब्बू,

आशीर्वाद शेवटी देते, आधी काम. तू वकील होऊन नऊ वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे एकही केस आणली नाही. आता आणतेय. मला माझ्या टेलरवर खटला भरायचाय.

हो, मास्तरांवरच. तुझा पहिला काळा कोट ज्यांनी शिवला, त्यांच्यावरच. डोळे वटारू नकोस.

झालं असं. गेल्या गुरुवारी दुकानाकडून सगळ्या गिऱ्हाइकांना एक मेल गेला. मजकूर साधा, ‘दुकान चार दिवस बंद राहील.’ पण सोबत काय जोडलं होतं? दुकानाचं अख्खं रजिस्टर! दोनशे बारा माणसांची नावं, पत्ते, फोन नंबर, छाती, कंबर, बाही, मुंढा, सगळं उघड्यावर. तेवढ्यावर निभावलं असतं तर मी चहा पिऊन गप्प बसले असते. पण त्या रजिस्टरला शेवटी एक रकाना आहे, ‘शेरा’. मास्तर माप घेतात आणि गिऱ्हाइकाबद्दल जे काही लक्षात येतं ते तिथे लिहून ठेवतात. पुढच्या वेळी कापताना उपयोगी पडतं म्हणे.

नमुने देते. बँकेच्या साहेबांपुढे लिहिलंय, ‘पोट आत ओढून उभे राहतात. माप घेताना बदलीचा विषय काढावा. बोलायला लागले की पोट आपोआप बाहेर येतं.’ दातांच्या डॉक्टरांपुढे, ‘कोटाला आतून चोरखिसा, चॉकलेटसाठी. बायकोला कळू देऊ नये.’ आता त्यांची बायकोही याच दुकानाची गिऱ्हाईक, त्यामुळे मेल तिलाही गेला. तीन दिवस झाले, त्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही. वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंपुढे, ‘डावा हात उजव्यापेक्षा पाऊण इंच लांब. आजवर त्यांना माहीत नाही. सांगू नये.’ बिचारी परवा रस्त्यात भेटली तर दोन्ही हात समोर धरून चालत होती.

माझ्यापुढे काय लिहिलंय ते मी सांगणार नाही. विचारूही नकोस.

तर आता एक खणखणीत नोटीस लिही. फोन करू नकोस. फोनवर तू ‘हं, हं’ करतोस आणि तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचे तरी कागद वाचत असतोस, मला ऐकू येतं. शिवाय मेल आणि मेसेज यांचं मी आता नावच काढणार नाही. कागद आणि पाकीट. माझा टाईपरायटर अजून ठणठणीत आहे.

तुझी,
मावशी

(आशीर्वाद राहिलेच. नोटीस बघून देईन.)


७ जून

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्र वाचून हसलो, मग तू रागावशील म्हणून थांबलो, मग परत हसलो. तो मेल मलाही आला असणार, पण माझ्याकडे न उघडलेल्या मेलांचा एवढा ढीग साचलाय की त्यात एखादा अशील हरवला तरी सापडायचा नाही. शोधतो.

आता कामाचं. आधी दोन गोष्टी सांगतो, त्या सगळ्यांना सांग. त्या यादीतल्या नंबरांवर फोन करून कुणी गोड बोलून बँकेची माहिती विचारली तर फोन ठेवून द्यायचा. आणि ती फाईल गंमत म्हणून पुढे पाठवायची नाही, नाहीतर पाठवणाऱ्याच्याच गळ्याशी येईल.

कायद्यानं ग्राहकाच्या हातात बरंच काही दिलंय. सगळ्यात साधं म्हणजे दुकानदाराला लेखी विचारायचं की बाबा, माझी कुठली माहिती गेली, कुणाकडे गेली, कशी गेली आणि आता तू काय करणार आहेस. त्याला उत्तर द्यावं लागतं. आपली नोंद चुकीची असेल तर दुरुस्त करून मागता येते, नको असेल तर पुसून मागता येते. हा अर्ज फार कुणी करत नाही, कारण त्यात समोरच्याची जिरवल्याचा आनंद नसतो.

जिरवायचीच असेल तर माहिती संरक्षणाच्या सरकारी कार्यालयात तक्रार आहे. ते चौकशी करतात, दंडही ठोकू शकतात, पण दंड जातो सरकारात. तुझ्या हाती पोचपावती. भरपाई हवी असेल तर ग्राहक न्यायालय. तिथे मात्र नुकसान काय झालं ते दाखवावं लागतं. बँकेचे खाते नंबर गेलेले नाहीत, आणि तुझ्या मापाचा ब्लाऊज कुणी परस्पर शिवून घेईल अशी भीतीही नाही. उरतो मनस्ताप. त्याचीही भरपाई मागता येते. पण न्यायाधीश विचारणार, ‘कशाचा मनस्ताप?’ मग तो शेरा भर कोर्टात मोठ्यानं वाचायचा. रजिस्टर पुरावा म्हणून जोडायचं. आज ते दोनशे बारा जणांकडे आहे, मग कोर्टाच्या दप्तरात कायमचं राहील. सगळे मिळून एकच तक्रार करू शकता, म्हणजे सगळ्यांचे शेरे एका दमात वाचून होतील. आणि दिवाणी दावा ठोकलास तर निकालाच्या दिवशी तुझी मापं बदललेली असतील.

नोटीस लिहायला मला सगळं नीट कळलं पाहिजे. रजिस्टर कॉम्प्युटरवर कुणी चढवलं? मेल किती वाजता आणि कुणी पाठवला? आणि तुझा शेरा काय? वकिलाला सांगावं लागतं गं.

इकडे कामाचा नुसता रगाडा आहे. पुढच्या महिन्यात नक्की येतो.

तुझा,
ढब्बू


११ जून

चि. ढब्बू,

‘पुढच्या महिन्यात नक्की’ हे वाक्य तुझ्या मागच्या सहा पत्रांत आहे. पत्रं जपून ठेवते मी, म्हणून सांगितलं. असो.

आम्ही ‘पीडित ग्राहक समिती’ काढली. पहिली बैठक माझ्याच दिवाणखान्यात झाली. चौदा जण आले. बँकेचे साहेब अध्यक्ष. दीड तास पोट आत ओढून बसले, शेवटी शेवटी आवाजच फुटेना, तर ठराव मलाच वाचावा लागला. दातांच्या डॉक्टरांनी बिस्किटाकडे हात नेला आणि बायकोकडे बघून मागे घेतला. ग्रंथपाल बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या, टाळ्या वाजवायच्या वेळीसुद्धा सोडली नाही. पण काय सांगू, इतकी माणसं या घरात किती दिवसांनी आली! कपबश्या कमी पडल्या, शेजारून आणाव्या लागल्या.

ठराव एकमतानं झाला: मास्तरांनी दहा दिवसांत लेखी उत्तर द्यावं, नाहीतर तुझी ती तक्रार, न्यायालय, दावा, सगळं एकदम. मास्तरांना कळवलं तर ते म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे. म्हणाल तर दुकान बंद करतो.’ मी म्हटलं, करा!

आता तुझे प्रश्न. रजिस्टर कॉम्प्युटरवर मी चढवलं. यात लपवण्यासारखं काय आहे? सात जाड वह्या होत्या, वाळवी लागायला आलेल्या. मास्तरांना मशीन येत नाही. मी म्हटलं, चाळीस वर्षं टायपिंग शिकवलंय, माझा हात कधी कामाला येणार? गेला हिवाळाभर रोज दुपारी दुकानातल्या खिडकीशी बसून टाईप केलं. शेऱ्यांसकट, जसंच्या तसं. वाचून वाचून हसून माझी पुरेवाट झाली. फक्त माझं पान त्यात नव्हतं. विचारलं तर मास्तर म्हणाले, ‘ते राहू द्या बाई, ते मी बघतो.’

आणि आता ऐक, इथे खरी मेख आहे. गुरुवारी सकाळी मी दुकानात पोचले तर मास्तर मशीनसमोर बसून एका बोटानं काहीतरी टिपत होते. मला बघून दचकले आणि घाईघाईनं बंद केलं! सुट्टीचं पत्रक मी आदल्या दिवशीच टाईप करून ठेवलं होतं. संध्याकाळी चारच्या सुमारास मी ते सगळ्यांना पाठवलं आणि घरी आले. मी गेल्यावर या माणसानं परत मशीनला हात लावला असणार, दुसरं काय? स्वतःच घरोघर जाऊन सांगतायत, ‘चूक माझी झाली, मला मशीन जमत नाही.’ याहून मोठा कबुलीजबाब कोणता हवा?

माझ्या हातून चूक होण्याचा प्रश्नच नाही. मी किल्ल्यांकडेही बघत नाही आणि पडद्याकडेही बघत नाही. नजर कायम डावीकडच्या कागदावर. पत्रक शेवटी केलेलं, म्हणजे मशीनमधल्या फायलींच्या यादीत सगळ्यात वर. सगळ्यात वरची फाईल, एंटर, संपलं. चाळीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थिनीनं मान वर केलेली मी खपवून घेतली नाही.

शेऱ्याचं विचारू नकोस म्हटलं होतं. विचारलंस. उत्तर नाही.

मावशी

(नोटीस कुठाय? आशीर्वाद तोवर अडकलेत.)


१५ जून

प्रिय मावशी,

आधी बस. उभी असशील तर खरंच बस, आणि शेजारी पाणी ठेव.

मेल सापडला. आधी माझा शेरा वाचला. ‘बाईंचा भाचा. छाती फुगवून माप देतो. श्वास सोडेपर्यंत थांबावं. खांद्याला दुहेरी पॅड घालावं, त्याशिवाय वकील दिसणार नाही.’ नऊ वर्षं मला वाटत होतं की कोर्टात समोरचे लोक माझ्या युक्तिवादाला दबतात. म्हणजे पीडितांत मीही आलो, तेव्हा आता जे लिहितो ते वैरानं लिहितोय असं समजू नकोस.

मेल गेलाय चार वाजून सात मिनिटांनी. मजकूर सुट्टीचाच. खाली ‘कृपया नोंद घ्यावी’, मग तीन ओळी सोडून दुकानाचं नाव. तीन ओळी सोडणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. आणि सोबत जी फाईल आहे ती सुट्टीच्या पत्रकाची नाही, रजिस्टरची आहे. त्या दिवशी दुकानातून दुसरा मेल गेलेलाच नाही. मी ग्रंथपाल बाईंना आणि बँकेच्या साहेबांनाही विचारलं, त्यांनाही एकच आला.

काय झालं असेल ते तूच सांगितलंयस. यादीत सगळ्यात वर शेवटी केलेली फाईल नसते, शेवटी उघडलेली असते. बुधवारी वर तुझं पत्रक होतं. गुरुवारी सकाळी मास्तरांनी एका बोटानं रजिस्टर उघडून त्यात काहीतरी भरलं, त्यामुळे ते वर आलं. तू चार वाजता सगळ्यात वरची फाईल घेतलीस, एंटर दाबलंस आणि डावीकडे बघत राहिलीस.

मावशी, तो मेल तू पाठवलास.

आता वकील म्हणून सांगतो. काम तू दुकानाचं करत होतीस, म्हणून कायदा दुकानाला धरेल, तुला नाही. म्हणजे समितीनं तक्रार केली की हात तुझा आणि मान मास्तरांची. चौकशीत ‘मेल कुणी पाठवला’ हा पहिला प्रश्न असेल. तक्रारदार म्हणून तू उभी राहशील आणि साक्षीदार म्हणूनही तुलाच बोलवतील. तू इकडून तिकडे जाऊन स्वतःलाच उलटे प्रश्न विचारत बसशील.

तुझी ओळ मी वाचली नाही. दिसल्या दिसल्या पडद्यावर हात ठेवला.

या रविवारी येऊ का?

तुझा,
ढब्बू


१८ जून

श्री. वकील यांस,

पत्र मिळालं. तर्क चुकीचा आहे. यापुढे मी दुसरा वकील बघेन.

रविवारी येऊ नये. घर रंगवायला काढलंय.

मावशी

(आशीर्वाद नाहीत.)


२२ जून

आदरणीय वकीलसाहेब,

नमस्कार. मी टेलर मास्तर. मला पत्र लिहायची सवय नाही, मी जे लिहितो ते चार शब्दांच्या वर जात नाही आणि त्यानंच हा सगळा घोळ झालाय. सांभाळून घ्या.

समितीचं पत्र आलंय. उत्तराची मुदत संपली. तुमच्याकडून मला दुकानाबद्दल सल्ला नको. दुकान मी बंद करायला तयार आहे, गुडघेही आता मशीनवर कुरकुरतात. मला एवढंच विचारायचंय की दुकान बंद करून मोकळा झालो तर मेल कुणी पाठवला याची चौकशी थांबेल का? बाईंचं नाव कुठल्या कागदावर येऊ नये, अशी काही सोय कायद्यात आहे का?

खरं सांगतो. मेल गेला तेव्हा मी मागे इस्त्री करत होतो. बाईंची नजर कागदावर होती, माझी पडद्यावर होती. पडद्यावर रजिस्टर दिसलं मला. मनात म्हटलं, बाईंना माहीत असेल, आपण शहाणपणा करायला नको. आणि रजिस्टर वर आणलं कुणी? मीच. त्यांचं पान त्यांच्या हातून टाईप होऊ नये म्हणून सकाळी लवकर येऊन मी भरत होतो. दोन ओळींना मला पाऊण तास लागला. तेवढ्यात त्या आल्या. म्हणजे चूक माझीच नाही का?

शेऱ्याची पद्धत माझ्या वडिलांची. गिऱ्हाईक सांगेल ते माप बिलावर लिहायचं, खरं माप कापडावर धरायचं आणि आपल्याला काय समजलं ते शेऱ्यात ठेवायचं. माणूस आरशात बघून खूश झाला पाहिजे, बास. ते शेरे कुणी वाचावे म्हणून नव्हते.

बाई तीन आठवडे आल्या नाहीत. खिडकीजवळची त्यांची खुर्ची तशीच आहे. त्यावर मी कापड ठेवत नाही.

तुमच्या कोटाचं पॅड ढिलं झालं असेल तर पाठवून द्या. दुकान बंद व्हायच्या आत करून देतो.

आपला,
मास्तर


२५ जून

प्रिय मावशी,

रंग वाळला असेल असं धरून लिहितोय.

सोबत मास्तरांचं पत्र जोडलंय. त्यांनी ते मला विश्वासानं लिहिलं होतं आणि मी ते त्यांना न विचारता तुला पाठवतोय. म्हणजे हीसुद्धा गळतीच झाली, आणि ती मात्र मी डोळे उघडे ठेवून, पडद्याकडे बघून केलीय. माझ्यावर तक्रार करायची असेल तर बँकेच्या साहेबांना सांग, त्यांना तेवढंच काम.

काय करायचं ते तूच ठरव. मी नोटीस लिहिणार नाही, एवढं नक्की.

तुझा,
ढब्बू


२ जुलै

चि. ढब्बू,

घर रंगवायला काढलं नव्हतं. तुला कळलंच असेल.

मास्तरांचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, की हा माणूस पडद्यावर रजिस्टर बघतो आणि तोंडातून एक शब्द काढत नाही! दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसावा लागला. मग उठले आणि समितीची तातडीची बैठक बोलावली.

सगळे आले. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, ‘मेल मी पाठवला. न बघता पाठवला. मास्तर ज्या चुकीची माफी मागत फिरतायत ती माझी आहे. आणि तुमचे सगळ्यांचे शेरे मी हिवाळ्यातच वाचलेत आणि पोट धरून हसलेय, त्याचीही माफी.’ चाळीस वर्षं ज्या बाईनं टायपिंगच्या एकेका चुकीला हातावर फूटपट्टी मारली, तिनं हे सांगायचं म्हणजे काय! त्या फूटपट्टीचा प्रसाद खाल्लेल्या तिघी तिथेच समोर बसल्या होत्या. एक तर चक्क खुदखुदत होती.

बँकेचे साहेब इतके अवाक झाले की पोट सोडून दिलं. सगळ्यांसमोर! खुर्ची करकरली. आणि मग स्वतःच म्हणाले, ‘हुश्श.’ तिथून जो हशा सुरू झाला तो थांबेना. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोनं पर्समधून चॉकलेट काढून नवऱ्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, ‘घ्या एकदाचं, पण दात तुमचे तुम्हीच काढायचे.’ समिती तिथल्या तिथे बरखास्त झाली.

पण तू सांगितलेलं सगळं आम्ही रीतसर केलंय, वकिलाची मावशी आहे मी. दुकानाच्या सहीचं पत्र सगळ्यांना गेलं: कुठली माहिती गेली, कशी गेली, पुढे काय काळजी घेणार. मेल पाठवताना आता दोघं जण पडद्याकडे बघतात. दोनशे बारापैकी दोनशे सहा जणांनी फाईल पुसल्याचं सही करून दिलंय, उरलेल्या सहांच्या मी मागे लागलेय. आणि तुझा तो अर्ज, जो कुणी करत नाही म्हणालास, तो आमच्याकडे सगळ्यांनी केला. दुकानाबाहेर रांग होती रांग! साहेबांनी बदलीचा विषय खोडायला लावला. डॉक्टरांच्या चोरखिशाची नोंद ‘खिसा’ अशी दुरुस्त झाली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, पाऊण इंच साफ खोटं आहे, पुन्हा मोजा. मोजलं. सव्वा इंच निघालं. त्या आता म्हणतात, पाऊणच राहू द्या.

काल सगळ्यांचं उरकल्यावर मी माझा अर्ज घेऊन गेले.

तू म्हणतोस माझी ओळ वाचली नाहीस. वाचलीस. मी शिकवलंय तुला वाचायला, तुझी नजर किती चपळ आहे मला माहितेय. नाहीतर सहा पत्रं ‘पुढच्या महिन्यात’ लिहिणारा माणूस एकदम ‘या रविवारी येऊ का’ कशाला म्हणेल? असू दे. तरी सांगते. माझ्यापुढे लिहिलं होतं, ‘टायपिंगच्या बाई. कंबर स्वतःच सांगतात, बत्तीस. मान डोलवावी. कापताना अडतीस धरावी.’ हे वाचून मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. पण पुढे होतं, ‘काम झालं तरी अर्धा तास बसतात. घाई करू नये. घरी कोणी नाही.’

ते दोनशे अकरा लोकांनी वाचलं रे. दुधवाल्यानं वाचलं, माझ्या विद्यार्थिनींनी वाचलं, पोस्टातल्या बाईनं वाचलं. मला लाज वाटली. म्हणून तो सगळा थयथयाट. खटला मला त्या एका वाक्यावर भरायचा होता.

मी मास्तरांना म्हटलं, लिहा दुरुस्ती. कंबर मोजा. त्यांनी टेप लावली, एकोणचाळीस. म्हटलं, लिहा एकोणचाळीस, बिलावरसुद्धा. त्यांनी दोनदा विचारलं, ‘नक्की ना बाई?’ मग म्हटलं, ‘घाई करू नये’ हे तसंच राहू द्या. ते हसले. शेवटचं वाक्य मात्र खोडा. त्यांनी पट्टी लावून, सरळ रेघ मारून खोडलं. वहीतही आणि मशीनमध्येही, एका बोटानं. मी पडद्याकडे बघत होते.

तर त्या जागी रकान्यात थोडी मोकळी जागा राहिली. मी म्हटलं, तिथे लिहा, ‘भाचा येतो.’

मास्तरांनी हात मागे घेतला. म्हणाले, ‘बाई, कंबर तुम्ही म्हणाल ती बिलावर लिहीन. हे नाही लिहिणार. आधी येऊ दे त्याला.’

जागा तशीच कोरी ठेवलीय. रविवारी ये. मास्तर तुझंही माप नव्यानं घेणार आहेत, तेव्हा छाती फुगवून उभा राहू नकोस.

तुझी,
मावशी

(पहिल्या पत्रापासूनचे सगळे आशीर्वाद साठलेत. आल्यावर घे.)